ओझे किती, आणि गाड्या किती?



मी डॉक्टर नव्हे. कामगारांच्या चळवळीत जे शिकलो तेवढेच माझे शिक्षण. पण वाळूज-चिकलठाण्याच्या वसाहतींत एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: "कोलेस्टेरॉल बरोबर होते, मग झटका आला कसा?" त्याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

चरबी पाण्यात विरघळत नाही, तशी रक्तातही नाही. म्हणून शरीर ती प्रथिनांच्या वेष्टनात बांधून रवाना करते. हे कण म्हणजे लायपोप्रोटीन. त्यांतले एलडीएलचे कण रोहिणीच्या अस्तरात अडकतात, तेथे पुटे चढतात. एखादे दिवशी पूट फुटते, त्यावर गुठळी धरते आणि हृदयाच्या स्नायूचे रक्त तुटते. हाच झटका.

नेहमीच्या तपासणीत या कणांतले कोलेस्टेरॉल, म्हणजे गाड्यांवरचा माल मोजतात. पण दौलताबादच्या जुन्या दरवाज्याशी होणारी कोंडी आपण पाहिली आहे. ती मालाच्या वजनाने होते काय? पन्नास भरलेल्या गाड्या आणि शंभर अर्ध्या गाड्या यांचा माल सारखाच. कोंडी शंभरांची अधिक. रोहिणीचेही तसेच.

मग गाड्या मोजायच्या कशा? एलडीएलसारख्या प्रत्येक कणावर अपोलिपोप्रोटीन-बी या प्रथिनाचा एकच रेणू असतो. गाडीला एकच गाडीवान. गाडीवान मोजले की गाड्या मोजल्या! दर डेसिलिटरला १३० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक आकडा आला, तर धोका वाढलेला समजतात.

हे आपल्याला विशेष लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की, आपला माणूस वरून सडपातळ आणि आतून मेदाचा असू शकतो. अशा शरीरात ट्रायग्लिसराइड वाढते, एलडीएलचे कण लहान पण पुष्कळ होतात, आणि मालाचा आकडा फसवतो. ५२ देशांतील इंटरहार्ट पाहणीतून २००७ साली दिसले की, दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतरांना सुमारे ५९ व्या. सहा वर्षे म्हणजे मुलांची शिक्षणे आणि मुलीचे लग्न!

दुसरे मोजमाप 'लायपोप्रोटीन लिटल ए' या कणाचे. नॉर्वेचे कोर बर्ग यांनी तो १९६३ साली शोधला. तो मुख्यतः वारशाने येतो. पथ्याने फारसा हलत नाही. म्हणून आयुष्यात एकदा मोजला तरी बहुधा पुरते. तो ५० मिलिग्रॅम वा अधिक निघाला, तर बाकीची कारणे कसोशीने आवरावीत, आणि भावंडांनाही सांगावे.

ज्याच्या घरात तरुणपणी झटके आले आहेत, त्याची ही तपासणी कारखान्याच्या वार्षिक तपासणीत व्हावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. मात्र तपासणीचा कागद हा इलाज नव्हे. तंबाखू सोडणे, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणे, डॉक्टरांनी दिलेली गोळी मध्येच न थांबवणे, हे आपल्याच हाती आहे. आणि छातीत कळ आली, तर कोणत्याही अहवालाची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.