दिवेलागणीच्या दहा ओळी

बडोद्यातील अनेक मराठी घरांत आज असे दृश्य दिसते की, नातवंडे आजी-आजोबांशी सफाईने मराठी बोलतात. पण मराठी मासिकाचा अंक समोर आला की पान उलटून बाजूला ठेवतात. हिंदीमुळे देवनागरी अक्षरे त्यांच्या ओळखीची असतात. मात्र गुजराती माध्यमातील मुलांचे डोळे शिरोरेषेविना वाचण्यास सरावलेले असतात. त्यातच ‘च’ आणि ‘ज’ यांचे दुहेरी उच्चार! दोन ओळींतच मूल थकते.

मग उन्हाळ्याच्या सुटीत पालकांस जाग येते. पुस्तके, वह्या आणल्या जातात, रोज एक तासाचा नियम ठरतो आणि शाळा उघडताच तो मोडतो. मुले आळशी असतात म्हणून नव्हे, तर नियमच केवळ सुटीपुरता बेतलेला असतो म्हणून. आमच्या मते दहा ओळी पुरेत. त्यासाठी घड्याळाची वेळ नेमू नये. घरात रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला वाचन जोडून द्यावे. देवापाशी दिवा लागला, शुभंकरोति झाली, की दहा ओळी.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडण्यास कोणास १८, तर कोणास २५४ दिवस लागावेत असे त्यात आढळले. मधला आकडा ६६ दिवसांचा. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही दिसून आले. आपल्याकडे मात्र एक दिवस बुडाला की दुसऱ्या दिवशी वीस ओळींचा तगादा लागतो. वाचन म्हणजे काही सावकारी नव्हे!

दिवस सारखे नसतात, तेव्हा नियमही लवचीक हवा. नवरात्रात आपल्या शहरात दिवेलागणीस मुले गरब्याच्या तयारीत असतात. ते नऊ दिवस सकाळचे दूध पिऊन झाल्यावर वाचावे. परीक्षेत दोनच ओळी. ताप असेल तर आईने वाचावे, मुलाने पडल्या पडल्या ऐकावे. आजीची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर मुलाने तिला वाचून दाखवावे. तो आठवडा बहुधा सर्वांत चांगला जातो.

पुस्तकही हाताशी हवे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शिकलेले टिकायचे तर वाचन हवे, हे ओळखून १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. पुढे लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी जाऊ लागली. वाचकाला ग्रंथालयापर्यंत येणे जमत नव्हते, तेथे ग्रंथालय वाचकाकडे गेले. आपल्या घरी मात्र पुस्तके काचेच्या कपाटात, किल्ली वडिलांकडे! एक पुस्तक देवघराशेजारच्या फळीवर राहू द्यावे.

आरंभी पाठ्यपुस्तक नको. गोष्टी, कोडी, ‘किशोर’चा एखादा अंक चालेल. आजीच्या हस्ताक्षरातील पाककृतींची वही असल्यास ती लगेच देऊ नये. छापील अक्षर डोळ्यांत बसल्यावर, दिवाळीच्या सुमारास, अनारशाचे पान उघडून द्यावे आणि तांदूळ किती दिवस भिजवायचे, हे मुलालाच विचारावे.