गुटख्याची पुडी आणि फुटबॉलचा चेंडू

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळच्या वेळी एक बाई आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. तक्रार साधीच वाटत होती. "डॉक्टरसायेब, तिखट खाल्लं की तोंड लई झोंबतंय म्हणतो. भाकर बी नीट चावंना त्याला." मी मुलाला तोंड उघडायला सांगितले. त्याने उघडले, पण ते पुरते उघडेना. गालाची आतली बाजू गुलाबी असायला हवी, ती संगमरवरासारखी पांढुरकी झाली होती. बोट फिरवले तर ताठ दोऱ्या लागत होत्या. पट्टीने मोजले तेव्हा वरच्या आणि खालच्या दातांमधले अंतर भरले २७ मिलिमीटर. या वयाच्या मुलाचे ते ४० च्या आसपास असायला हवे.

वाचकांनी ही परीक्षा घरी जरूर करून पाहावी. आपल्याच हाताची मधली तीन बोटे एकत्र धरून उभी तोंडात घालायची. ती सहज मावली तर ठीक. दोनच मावत असतील तर डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना दाखवावे. सुपारीमुळे तोंडाच्या आतल्या त्वचेखाली तंतू साठत जातात, त्वचा आखडते आणि जबडा हळूहळू बंद होऊ लागतो. तंबाखू नसलेली नुसती सुगंधी सुपारीही हेच करते, हे पुष्कळांना माहीत नसते. सुपारी सोडली तर दुखणे बहुधा तिथेच थांबते, पण गेलेले सगळे परत मिळत नाही. सोडली नाही तर पुढे याच जागी कर्करोग होण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. ती कागदावर आहे आणि पुडी त्या मुलाच्या खिशात होती.

मी त्याला नेहमीचा सल्ला दिला. रंगीत चित्रे दाखवली, घाबरवले, आईसमोर रागावलोही. तो मान डोलावत राहिला. पंधरा दिवसांनी आला तेव्हा खिशात पुडी होतीच. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये तंबाखूवर मी किती व्याख्याने झोडली असतील याचा हिशेब नाही. त्यातल्या किती जणांनी ऐकले, याचा हिशेब मात्र एका हाताच्या बोटांवर होईल. कारणही उघड आहे. मुलगा माझ्याकडे येतो वर्षातून दोनदा, तेही दुखते म्हणून. कोपऱ्यावरच्या टपरीपाशी तो रोज जातो, कारण तिथे त्याचे मित्र असतात. मित्रांच्या विरोधात डॉक्टर कधी जिंकल्याचे मी पाहिलेले नाही.

म्हणजे मुलाला टपरीऐवजी रोज जावेसे वाटेल अशी दुसरी जागा हवी. अशी जागा तयार करणारी माणसे आपल्याच राज्यात आहेत.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे नावाचे क्रीडा विषयाचे प्राध्यापक होते. २००१ सालच्या पावसाळ्यात त्यांनी झोपडपट्टीतल्या काही मुलांना एक फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिले. त्यांनी मुलांना चेंडू दिला. एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, ती अशी की मुले मैदानावर असतात तितका वेळ तरी व्यसनापासून आणि मारामाऱ्यांपासून लांब असतात. त्यातून झोपडपट्टीतल्या संघांची स्पर्धा उभी राहिली आणि पुढे 'स्लम सॉकर' ही संस्था. बारसे सरांनी निवृत्तीचा पैसा शहराबाहेर जागा घेण्यात घातला. अमेरिकेत असलेला त्यांचा मुलगा अभिजित परत येऊन या कामात पडला. अखिलेश पॉल हा वाट चुकलेला मुलगा या चेंडूमागे लागला आणि २०१० साली ब्राझीलमधल्या बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत भारताचा कर्णधार झाला. २०१६ साली फिफा या जागतिक संघटनेने स्लम सॉकरला पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (२०२२) ज्यांनी पाहिला, त्यांना ही गोष्ट ठाऊक आहेच. सिनेमात अमिताभ बच्चन आहेत, त्यामुळे लोकांना बच्चन आठवतात आणि बारसे सर विसरतात, हा भाग निराळा.

सिनेमात जे फारसे दिसत नाही, ते मला डॉक्टर म्हणून महत्त्वाचे वाटते. संस्था पुढे नुसता खेळ शिकवून थांबली नाही. खेळातूनच गणित आणि इंग्रजी शिकवायचे, मुलींना पाळीबद्दल आणि आपल्या शरीराबद्दल बोलते करायचे, असे उपक्रम तिने मैदानावर आणले. पाळीबद्दल वर्गात बोलायला बाई संकोचतात आणि घरी आईलाही जड जाते. दहा मुली घामाघूम होऊन वर्तुळात बसल्या की तेच बोलणे सोपे होते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. कफ परेडच्या आंबेडकरनगर वस्तीत वाढलेला अशोक राठोड हा तरुण. त्याच्या बरोबरीची मुले शाळा सोडून ससून डॉकवर मासळीच्या कामाला लागली, व्यसनात सापडली, लवकर लग्न करून बसली. त्याने २००६ च्या सुमारास अठरा मुले जमवून फुटबॉल सुरू केला. त्यातून 'ऑस्कर फाउंडेशन' उभे राहिले. तिथला नियम एका ओळीचा आहे: शाळा नाही तर फुटबॉल नाही. आईबापांनी सांगून जी मुले शाळेत जात नव्हती, ती चेंडू बंद होईल या भीतीने जाऊ लागली.

चेंडू हा औषधावरच्या साखरेसारखा आहे म्हणा ना! जगात हे रीतसर करून पाहिलेले आहे. फिफाने २००९ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत मुलांसाठी अकरा आठवड्यांचा एक कार्यक्रम सुरू केला. आठवड्यातून एक दिवस नव्वद मिनिटे. पहिली पंचेचाळीस मिनिटे फुटबॉलचे एक कौशल्य आणि पुढची पंचेचाळीस मिनिटे आरोग्याची एक गोष्ट, तीही खेळातूनच. हात धुणे, स्वच्छ पाणी, सकस आहार, लसीकरण, तंबाखू-दारूपासून लांब राहणे, एड्सपासून बचाव, मुलींशी आदराने वागणे, अशा त्या अकरा गोष्टी. मुलांची आधी आणि नंतर परीक्षा घेतली तेव्हा त्यांचे ज्ञान वाढलेले दिसले. ज्ञान वाढले म्हणजे सवय बदलली असे नव्हे, हे मीच वर कबूल केले आहे. तरी नव्वद मिनिटे मुले आपणहून थांबतात, ही काही लहान गोष्ट नाही. माझ्या व्याख्यानाला ती नऊ मिनिटेही थांबत नाहीत.

कुणी म्हणेल, फुटबॉल आपल्या मातीतला नाही. त्यांनी एकदा कोल्हापूरला जाऊन यावे. तिथे तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी त्यांची नावे, आणि सामना असला की शाहू स्टेडियम भरते. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. आपल्याकडे ती परंपरा नाही हे खरे. आपल्या मुलांना क्रिकेट हवे असते. क्रिकेटशी माझे वैर नाही, पण त्यात दोघे-तिघे पळतात आणि बाकीचे उन्हात उभे राहतात. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल असा व्यायाम सांगते. एका चेंडूत वीस मुलांचा तो व्यायाम होतो.

त्या विश्वचषकाच्या वर्षी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा कार्यक्रम झाला आणि शाळांना चेंडू वाटले गेले. काही वर्षांनी मी एका शाळेत तपासणीला गेलो होतो. कपाटावर हवा गेलेला एक चेंडू दिसला. "तो त्या वेळचा," असे मला सांगण्यात आले. चेंडूबरोबर दर आठवड्याला मैदानावर येणारा माणूस हवा. तो काही वाटता येत नाही.

असा एक माणूस मला मिळाला. माझे एक स्नेही क्रीडाशिक्षक होते, आता निवृत्त आहेत. त्यांना मी त्या मुलाची गोष्ट सांगितली. "डॉक्टर, तुम्ही चेंडू आणा, रविवार माझा," ते म्हणाले. पोळ्यानंतरच्या रविवारी आम्ही वस्तीजवळच्या पडीक जागेवर सुरुवात केली. काटे काढले, दगड वेचले, गोल म्हणून चार विटा मांडल्या. पहिल्या दिवशी सात मुले होती. महिन्याभरात बावीस झाली, त्यांत पाच मुली.

नियमावरून आम्हा दोघांत वाद झाला, तो मुद्दाम सांगतो. सरांना मुंबईचा नियम हवा होता. मी म्हणालो, शाळा सुटलेल्या मुलालाच आपण दार लावणार असू तर हा खटाटोप कुणासाठी? आमच्या त्या मुलाची शाळा सातवीतच सुटली होती. सर म्हणाले, नियम एकासाठी वाकवला की तो नियम राहत नाही. दोघेही आपापल्या परीने बरोबर होतो. शेवटी ठरले असे: शाळा सुटलेल्याने यावे, पण महिन्याभरात सर त्याला घेऊन शाळेत नाव घालून येतील. आणि खिशात पुडी सापडली तर त्या दिवशी मैदानाबाहेर बसायचे.

तो पहिले तीन रविवार बाहेर बसला. उठून मात्र गेला नाही. चौथ्या रविवारी सरांनी खिसे तपासले तर रिकामे होते. सोडली असे मी म्हणणार नाही. फक्त रविवारी सोडली होती. मग रविवारला शनिवार जोडला गेला. मी त्याला तोंडाचा व्यायाम दिला. आइसकँडीच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि जमेल तशी आठवड्याला एक काडी वाढवायची. दिवाळीच्या आधी मोजले तेव्हा तोंड ३० मिलिमीटर उघडत होते. तीन मिलिमीटर म्हणजे किती, असे विचाराल तर भाकरीचा घास आता मोडून लहान करावा लागत नाही, इतके. शाळेत त्याचे नाव आठवीत घातले गेले.

ज्या गावांत कुणाला असे काही सुरू करायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी साडेपाचच्या आधी खेळवू नये. पाण्याची घागर मैदानावरच हवी. धावताना छातीत दुखते, घेरी येते किंवा इतरांपेक्षा फार लवकर दम लागतो अशा मुलाला आधी डॉक्टरांना दाखवा. मुलगी लवकर थकत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. बऱ्याचदा तिला खेळ झेपत नाही असे समजून घरी बसवतात, आणि खरी कमतरता लोहाची असते. अनवाणी खेळणाऱ्यांनी धनुर्वाताची दहाव्या आणि सोळाव्या वर्षाची लस चुकवू नये. डोक्याला मार लागून भोवळ आली तर त्या दिवशी खेळ बंद, कितीही हट्ट केला तरी. खेळापूर्वी वीस मिनिटे ठरावीक व्यायाम केल्याने नॉर्वेतल्या तेरा ते सतरा वर्षांच्या खेळाडू मुलींच्या दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आमचे सर वीस मिनिटे धावणे, वाकणे, उड्या यांतच घालवतात. मुले कुरकुरतात.

दिवाळी झाली आणि वस्तीतली निम्मी घरे ऊसतोडीला गेली. आमच्या रविवारी बावीसची तेरा मुले झाली. तोही गेला. मुलांना मागे ठेवून जाणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, ती सरांनी त्याच्या आईला समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, "सर, कोयत्याला जोडी लागती. ह्याच्या बापाची पाठ गेली, आता हाच जोडी." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. धाकटा भाऊ आजीपाशी राहिला आहे, तो रविवारी येतो.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तो दवाखान्यात आला होता. मी त्याला काड्यांचे बंडल दिले आणि नोंदवहीत ३० हा आकडा लिहून पुढे तारखेची जागा मोकळी सोडली. फडात टपरी नसते, पण मुकादमाकडे पुड्या असतात, हे त्यानेच मला सांगितले. होळीच्या सुमारास परत येईल. त्या दिवशी आधी तोंड मोजायचे, मग मैदानावर जायचे, असे ठरले आहे.