ना-विकास विभागातले ताट

पुण्याचे अन्न कोठून येते हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पर्वतीवर उभे राहून बोटाने दाखवता येई. १८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण पुरे झाले. मुठा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याने हडपसर, मांजरी, लोणीकडे वाहू लागला आणि त्याच्या काठाने ऊस, भाजीपाला, फळबागा उभ्या राहिल्या. या बागायतीला खतही शहरच पुरवी. नगरपालिका मैल्यापासून सोनखत तयार करी आणि ऊसवाले ते विकत नेत. शहराने खाल्लेले शेतात परत जाई, शेतातले पुन्हा शहरात येई. तो मैला उचलणारे हात मात्र जातीने ठरवलेले होते, आणि त्या काळाचे गुण गाताना ही गोष्ट विसरता येत नाही.

मांजरीला जोतीराव फुले यांची स्वतःची शेती होती. १८८३ मध्ये त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरे केले; अन्न पिकवणाराच उपाशी का राहतो, हा त्या पुस्तकाचा विषय. त्याच सुमारास शनिवारवाड्यापुढे भरणाऱ्या भाजीबाजारासाठी नवी इमारत बांधायचे नगरपालिकेने ठरवले. पालिकेचे सभासद असलेल्या फुल्यांनी या खर्चाला विरोध केला. हा पैसा शिक्षणावर लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. १८८६ मध्ये इमारत खुली झाली. तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले आणि पुढे तीच महात्मा फुले मंडई झाली.

त्यानंतरची बरीच वर्षे भराभर ओलांडता येतात, कारण शहर वाढले तरी शेत नजरेआड गेले नाही. कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये दख्खनच्या एका खेड्यातील जमीन आणि श्रम यांचा बारकाईने केलेला अभ्यास छापला. त्यासाठी त्यांनी निवडलेले खेडे होते पुण्याजवळचे पिंपळे सौदागर. १९२७ मध्ये गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी ‘लखनौ-४९’ हा पेरू निवडला. आज ‘सरदार’ म्हणून देशभर लावला जाणारा तो पेरू नावाने लखनौचा असला तरी निघाला पुण्यातून. १९६० मध्ये जिल्हा दूध संघ स्थापन झाला, तोच आजचा ‘कात्रज’ दूध संघ. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचनला ‘बाएफ’ या संस्थेची स्थापना केली आणि संकरित गाई गावोगाव पोचवल्या. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी आली, तेव्हा आपली भाकरी समुद्रापलीकडूनही येऊ शकते हे घराघराला कळले. पुढे घाऊक बाजार मंडईतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. मंडईत जागा अपुरी होती हे खरे. पण गावाहून माल घेऊन आलेला शेतकरी आणि पिशवी घेऊन आलेले गिऱ्हाईक यांची गाठ पडण्याची शक्यता तेव्हापासून कमी होत गेली.

खरी ताटातूट झाली ती १९९७ ते २००७ या दहा वर्षांत. १९९७ मध्ये भोवतालची ३८ गावे महापालिकेत घेण्यात आली. पुढे त्यांतली काही वगळली गेली आणि २३ राहिली. बाणेर, बालेवाडी, खराडी ही नावे तोवर सातबाऱ्यावरची होती, ती घरांच्या जाहिरातींत दिसू लागली. त्याच वर्षांत हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या. हिंजवडीपासूनचा मुळशी-मावळचा सगळा पट्टा भाताचा. जवळच्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये ‘इंद्रायणी’ हा वाण निघाला होता. भाताचे खाचर एका वर्षात होत नाही. उतार फोडायचा, माती अडवायची, बांध घालायचा, पावसाने फुटला की पुन्हा घालायचा. दरसाल चिखलणी करून तळ असा बसवायचा की पाणी रोपांच्या पायाशी थांबले पाहिजे. असे खाचर तयार व्हायला एक पिढी जाते आणि मुरमाचे काही डंपर ते एका दिवसात बुजवतात.

हडपसरला २००० मध्ये मगरपट्टा या वसाहतीचे काम सुरू झाले. तेथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली आणि स्वतःच कंपनी काढली. जमीन कवडीमोलाने गेली नाही, मालक हिस्सेदार राहिले. हा प्रयोग आदर्श म्हणून सांगितला जातो आणि त्यात तथ्य आहे. पण ती हडपसरची पिकती जमीन होती. शेतकऱ्याचा हिस्सा राहिला, भाजी राहिली नाही.

बहुतेकांच्या वाट्याला एवढेही आले नाही. चाळीस गुंठ्यांचा एकर गुंठ्यागुंठ्याने विकला गेला. अशा तुकड्यांवर बांधकामे इतकी झाली की २००१ मध्ये ती नियमित करण्यासाठी राज्याला गुंठेवारीचा कायदा करावा लागला. हातात एकरकमी पैसा आलेल्या माणसाला शहराने ‘गुंठामंत्री’ म्हणून हिणवले. त्याच गुंठ्यावर घर घेणाऱ्याला मात्र कोणी नाव ठेवले नाही. हा अन्याय होता. कालवा जवळ असूनही भाव हाती नसलेल्या माणसाने जमीन विकली, आणि भाव हाती का नव्हता हे शहराने कधी विचारले नाही.

प्रादेशिक योजनेच्या नकाशावर हिरव्या भागाला दिलेले नाव या सगळ्याच्या मुळाशी आहे: ‘शेती/ना-विकास विभाग’. जेथे धान्य पिकते तेथे विकास नाही, असे नकाशाच सांगतो. त्या जमिनीला बढती मिळते ती ‘बिगरशेती’ झाल्यावर. ज्वारीचे उभे शेतही व्यवहारात ‘मोकळी जागा’ ठरले ते याच भाषेमुळे. मुलांना अन्नाची ओळख नाही अशी तक्रार पुण्यात सर्रास ऐकू येते. पण त्यांच्या आईवडिलांच्या पिढीने मान्य केलेल्या नकाशात अन्नाला जागाच ठेवलेली नव्हती.

शेत लांब गेले तसा माल लांबून येऊ लागला. आज मार्केट यार्डात जुन्नर, आंबेगाव, खेड, पुरंदरचा भाजीपाला येतोच. शिवाय साताऱ्याचे आले, आग्रा-इंदूरचा बटाटा, मध्य प्रदेशचा लसूण, दक्षिणेतला शेवगाही येतो. पहाटे गाळ्यावर डाग उतरतात, हमाल ते पाठीवर घेतात, वजन होते, भाव पुकारला जातो आणि उजाडेपर्यंत माल निघूनही जातो. शेतकऱ्याच्या हाती राहते ती पट्टी. हातभर कागदावर डाग किती, वजन किती, दर काय आणि त्याखाली वजावट: मोटारभाडे, हमाली, तोलाई. पूर्वी त्यात आडत, म्हणजे आडत्याचे कमिशनही असे. जुलै २०१६ पासून फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, आडत खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले आणि शहरात शेतकरी आठवडे बाजारांना जोर आला. भाजीबद्दल सगळ्यात खरे बोलणारा कागद म्हणजे ही पट्टी. टोमॅटोचा भाव पडल्यावर वजावट जाऊन काय उरते, हे ती एका ओळीत सांगते. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. मोबाइलवर दहा मिनिटांत भाजी मागवणाऱ्याला भाव दिसतो, वजन दिसते, पण ती कोणाच्या शेतातली हे दिसत नाही. दूध पिशवीतून येते, कोथिंबीर मुळे छाटून डबीतून येते, आणि मातीचा कणही घरात शिरत नाही.

शहराकडून शेताकडे आजही काही जाते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून पुण्याचे सांडपाणी उचलून जुन्या बेबी कालव्यात सोडले जाते आणि त्यावर हवेली-दौंडकडची शेती भिजते. धरणाचे स्वच्छ पाणी शहर आधी घेते आणि वापरून झालेले खाली पाठवते. ते पुरेसे शुद्ध नसते, अशी त्या शेतकऱ्यांची तक्रार आहे, आणि नदीचा रंग पाहणाऱ्या कोणालाही ती पटेल. त्या पाण्यावर वाढलेली भाजी पुन्हा पुण्यातच येते. सोनखताच्या काळात आपण शेताला काय देतो हे शहराला माहीत होते आणि ते पैसे मोजून नेले जात होते. आताचा व्यवहार कोणी विचारात घेत नाही.

२०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेत आली आणि पुण्याची हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. हद्दीबाहेरही जमीन सुटलेली नाही. पुरंदर तालुक्यात अंजीर आणि सीताफळ पिकते. तिथल्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. याच तालुक्यातील सात गावांची जमीन प्रस्तावित विमानतळासाठी घेण्याचे ठरले असून तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला आहे. ही गावे म्हणजे वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, पारगाव आणि खानवडी. ज्यांचे नाव पुण्याच्या मंडईला दिले आहे, त्या जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे गाव खानवडीच.