केमोथेरपीनंतरची सुप्ती : शेकण्यापूर्वी

बार्शी वा पुणे येथे कर्करोगाचे उपचार घेऊन कर्जत परिसरात परतलेले रुग्ण ‘पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही’, असे सांगत आम्हां वैद्यांकडे येतात. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, सिस्प्लॅटिन आदी औषधांनी संज्ञावाही मज्जातंतूंस इजा होते. सर्वांत लांब तंतू प्रथम बाधित होत असल्याने बधिरता बोटांच्या टोकांपासून वर सरकते. सिस्प्लॅटिन थांबल्यावरही ती काही महिने वाढू शकते, हे रुग्णास आधीच सांगावे. अन्यथा दोष आपल्या तेलास येतो!

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पादाभ्यंगाने पायांची सुप्ती शमते, असे म्हटले आहे. ती सुप्ती व ही एकच, असा आमचा दावा नाही. तथापि त्वचा अभंग असल्यास कोमट तेलाचा हलका अभ्यंग आम्ही सुचवितो. पिंडस्वेद अथवा तापल्या विटेचा शेक मात्र कटाक्षाने टाळावा. ज्यास स्पर्श कळत नाही, त्यास चटकाही कळत नाही. तेलाची उष्णता घरच्या माणसाने स्वतःच्या मनगटावर पाहावी. रानात अनवाणी जाणे वर्ज्य. रोज रात्री तळवे तपासावेत.

उपचार चालू असताना मुंग्या वाढल्यास कर्करोगतज्ज्ञास त्वरित कळवावे, कारण औषधाची मात्रा वेळीच कमी करता येते. औषधविक्रेत्या बंधूंनी भस्मे वा ब-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या परस्पर देऊ नयेत. ब-६ अतिमात्रेत दीर्घकाळ घेतल्यास स्वतःच बधिरता आणते.