पूर्ण आकाराच्या अमेरिकी पिकअप ट्रकमधील इंधनटाकीची क्षमता व इंजिनाची निवड : एक विवेचन

प्रास्ताविक :

पुढे चालक व प्रवाशांसाठी बंद केबिन आणि मागे माल ठेवण्यासाठी उघडा हौदा, अशी रचना असलेला पिकअप ट्रक हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ग्रामीण व उपनगरी जीवनाचा अविभाज्य भाग आहे. तेथील 'पूर्ण आकाराच्या' वर्गात फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हरॅडो १५०० व रॅम १५०० ही प्रमुख वाहने मोडतात. या वाहनांचे वैशिष्ट्य असे की, एकाच नमुन्यात ग्राहकाला अनेक इंजिने उपलब्ध असतात आणि काही नमुन्यांत इंधनटाकीचा आकारही निवडता येतो. या दोन निवडी स्वतंत्र मानल्या जातात. वस्तुतः त्या परस्परांशी निगडित आहेत. मोठी टाकी इंजिनाची तहान भागविते, परंतु ती कमी करीत नाही. उलट ती ग्राहकाच्या नजरेआड करते. प्रस्तुत लेखात हा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१) टाकीची क्षमता व पल्ला :

एक अमेरिकी गॅलन म्हणजे सुमारे ३.७८५ लिटर होय. २०१५ च्या एफ-१५० मध्ये मूळ टाकी २३ गॅलनची (८७ लिटर), तर ऐच्छिक टाकी ३६ गॅलनची (१३६ लिटर) होती. रॅम १५०० मध्ये २६ व ३३ गॅलनच्या (९८ व १२५ लिटर) टाक्या देण्यात आल्या आहेत. एका टाकीत गाठता येणारे अंतर, म्हणजेच वाहनाचा पल्ला, हा टाकीची क्षमता व प्रतिलिटर अंतर यांचा गुणाकार असतो. प्रतिलिटर ८.५ कि.मी. धरल्यास ८७ लिटरमध्ये सुमारे ७४० कि.मी. व १३६ लिटरमध्ये सुमारे १,१५५ कि.मी. जाता येते. मात्र मागे उंच व जड ट्रेलर जोडला की हवेचा विरोध व वजन वाढून प्रतिलिटर अंतर निम्म्यावर येऊ शकते. तसे झाल्यास हेच पल्ले अनुक्रमे ३७० व ५८० कि.मी.च्या आसपास येतात. नियमितपणे ट्रेलर ओढणाऱ्या ग्राहकास मोठी टाकी का हवीशी वाटते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

तथापि, या गरजेचीही मर्यादा तपासून पाहावी लागते. यूटा राज्यातील ग्रीन रिव्हर ते सलायना हा आंतरराज्यीय महामार्ग क्रमांक ७० वरील टप्पा इंधन व इतर सोयींविना जाणारा दीर्घ टप्पा म्हणून प्रसिद्ध आहे. त्याची लांबी सुमारे १७५ कि.मी. आहे. ट्रेलरसह प्रतिलिटर ४.२५ कि.मी. धरले तरी तेथे सुमारे ४१ लिटर इंधन लागते. चढावांसाठी आणखी काही लिटर जमेस धरले तरी मूळ टाकी पुरेशी ठरते. अर्थात, मोठी टाकी ही बहुतांशी सोय आहे, अनिवार्यता नव्हे.

या सोयीचे मूल्य वजनाच्या रूपानेही द्यावे लागते. पेट्रोलचे वजन प्रतिलिटर सुमारे पाऊण किलो असते. त्यामुळे मोठी टाकी पूर्ण भरल्यास लहान टाकीपेक्षा सुमारे ३७ कि.ग्रॅ. जादा इंधन वाहनात असते आणि तेवढी घट हौद्यातील मालाच्या अनुज्ञेय वजनात होते.

२) टाकीची जागा व सुरक्षितता :

टाकी किती मोठी असावी याइतकाच ती कोठे बसवावी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जनरल मोटर्सच्या १९७३ ते १९८७ या काळातील सी/के मालिकेच्या पिकअपमध्ये टाक्या चासीच्या लोखंडी चौकटीच्या बाहेर, दोन्ही बाजूंस बसविल्या जात. दोन टाक्या घेतल्यास एकत्रित क्षमता सुमारे ४० गॅलनपर्यंत (१५० लिटर) जात असे. परंतु बाजूने धडक बसल्यास टाकीला चौकटीचे संरक्षण मिळत नसे. अशा अपघातांत लागलेल्या आगींमुळे दीर्घकाळ न्यायालयीन वाद झाले व केंद्र शासनाच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने चौकशी केली. डिसेंबर १९९४ मध्ये वाहने परत न बोलावता, कंपनीने सुरक्षा कार्यक्रमांसाठी सुमारे ५ कोटी १० लाख डॉलर द्यावेत, अशी तडजोड झाली. १९८८ पासूनच्या नव्या आराखड्यात टाकी चौकटीच्या आत आणली गेली होती. क्षमतेचा आकडा एकट्याने विचारात घेणे किती धोक्याचे ठरू शकते, हे या प्रकरणावरून दिसून येते.

३) इंजिनाची निवड :

पूर्वी मोठा पिकअप म्हणजे आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन असे समीकरण होते. २०११ मध्ये फोर्डने एफ-१५० साठी दोन टर्बोचार्जर असलेले ३.५ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन उपलब्ध केले. त्याची शक्ती ३६५ अश्वशक्ती, तर त्याच वर्षीच्या ५.० लिटर व्ही-८ ची ३६० होती. खरा फरक टॉर्कमध्ये, म्हणजे चाके फिरविण्याच्या जोरात होता. सहा सिलिंडरच्या इंजिनाचा टॉर्क सुमारे ५६९ व व्ही-८ चा सुमारे ५१५ न्यूटन-मीटर होता. टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर अधिक हवा सिलिंडरमध्ये ढकलतो. त्यामुळे लहान इंजिन गरजेपुरते मोठ्या इंजिनाचे काम करते. रिकाम्या वाहनात यामुळे इंधन वाचते. मात्र जड ओझे ओढताना टर्बो सतत कार्यरत राहतो, तापमान आटोक्यात ठेवण्यासाठी मिश्रणात जादा इंधन सोडावे लागते आणि बचत बरीचशी ओसरते.

दुसरा मार्ग डिझेलचा. डिझेलच्या प्रत्येक लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण १० ते १३ टक्के अधिक ऊर्जा असते व उच्च संपीडनामुळे इंजिनाची कार्यक्षमताही अधिक असते. म्हणून तेवढ्याच टाकीत अधिक पल्ला मिळतो आणि ओझ्याखालीही हा लाभ बऱ्याच अंशी टिकतो. परंतु डिझेल इंजिन महाग असते आणि उत्सर्जन नियंत्रणासाठी युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी भरावी लागते. फोर्डने एफ-१५० मधील ३.० लिटर डिझेल इंजिन २०२१ मध्ये, तर रॅमने आपले ३.० लिटर डिझेल २०२३ मध्ये बंद केले.

तिसरा मार्ग संकरित, म्हणजे हायब्रिड प्रणालीचा. २०२१ च्या एफ-१५० हायब्रिडला ३०.६ गॅलनची (सुमारे ११६ लिटर) टाकी देण्यात आली. दोन चाकांना शक्ती देणाऱ्या नमुन्याची अधिकृत सरासरी २५ मैल प्रतिगॅलन, म्हणजे सुमारे १०.६ कि.मी. प्रतिलिटर होती. यानुसार पल्ला १,२०० कि.मी.च्या पुढे जातो. ३६ गॅलनची टाकी नसतानाही हे साध्य झाले, ही बाब लक्षणीय आहे.

ग्राहकाची निवड केवळ हिशेबाने होत नाही, हेही नमूद करावयास हवे. रॅमने २०२५ च्या नमुन्यातून ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन काढून सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन दिले. नव्या इंजिनाची शक्ती ४२०, तर जुन्याची ३९५ अश्वशक्ती होती. तरीही २०२६ च्या नमुन्यात व्ही-८ परत आणावे लागले.

४) आकड्यांचा भ्रम व धोरण :

प्रतिगॅलन किंवा प्रतिलिटर अंतर हे माप फसवे असते, हे रिचर्ड लॅरिक व जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले. १,००० कि.मी. प्रवासाचे उदाहरण घेऊ. प्रतिलिटर अंतर ५ वरून ६ कि.मी. झाले, तर इंधन २०० वरून १६७ लिटरवर येते, म्हणजे ३३ लिटर वाचतात. तेच अंतर २० वरून २५ कि.मी. झाले, तर केवळ १० लिटर वाचतात. म्हणजेच अधिक इंधन खाणाऱ्या वाहनातील लहानशी सुधारणाही मोलाची असते.

आता टाकी व इंजिन यांची तुलना करता येईल. १,००० कि.मी. पल्ल्यासाठी प्रतिलिटर ७ कि.मी. जाणाऱ्या ट्रकला १४३ लिटरची, तर १० कि.मी. जाणाऱ्यास १०० लिटरची टाकी लागते. पंपावर थांबण्याची वारंवारता दोघांचीही समान. त्यामुळे चालकास फरक जाणवत नाही. मात्र वर्षाला २४,००० कि.मी. प्रवासात पहिला ट्रक सुमारे १,०३० लिटर अधिक इंधन जाळतो. दोन्ही पेट्रोलवर चालत असल्यास कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जनही वर्षाला सुमारे २.४ टनांनी अधिक होते.

धोरणानेही या भ्रमास हातभार लावला आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ च्या कायद्याने इंधन कार्यक्षमतेचे निकष ठरविले. परंतु मालवाहू वाहने म्हणून पिकअपना सवलत मिळाली. १९९६ ते २००४ या काळात मोटारींसाठी निकष २७.५ मैल प्रतिगॅलन, तर हलक्या ट्रकसाठी तो २०.७ होता. अधिक इंधन खाणाऱ्या मोटारींवरील १९७८ च्या करातूनही ट्रक वगळले गेले. एकूण अनुज्ञेय वजन ८,५०० पौंडांपेक्षा (सुमारे ३,८५६ कि.ग्रॅ.) अधिक असलेल्या पिकअपवर तर इंधन वापराची पट्टी लावण्याचेही बंधन नाही. २०२५ मध्ये निकष न पाळणाऱ्या उत्पादकांवरील दंडच शून्यावर आणण्यात आला. परिणामी, निर्णयाचा भार बहुतांशी ग्राहकाच्या समजुतीवर येऊन पडला आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, टाकीचा आकार हा पल्ल्याचा प्रश्न सोडवितो, तर इंजिनाची निवड खर्चाचा व प्रदूषणाचा प्रश्न ठरविते. प्रथम वाहनाने वर्षभरात किती वेळा व किती ओझे ओढावयाचे आहे हे निश्चित करावे, त्यानुसार इंजिन निवडावे आणि उरलेल्या गरजेपुरतीच टाकी घ्यावी, हा क्रम तर्कसंगत ठरतो. आपल्याकडेही 'गाडी ॲव्हरेज किती देते?' हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. त्याऐवजी 'शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात?' असे विचारण्याची सवय लागली, तर वाहन अमेरिकी असो वा भारतीय, त्याची खरी किंमत अधिक स्पष्टपणे कळू शकेल.