पडद्यावरचं अंतराळ – लेखांक ६ : ‘पूर्वीची मजा राहिली नाही’

मागच्या लेखात आपण ‘डॉक्टर हू’चा जन्म पाहिला. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर पहिला भाग लागला. निर्माती होती व्हेरिटी लँबर्ट, दिग्दर्शक होते लखनौत जन्मलेले वारिस हुसेन. १९६६ मध्ये डॉक्टरची भूमिका करणाऱ्या, थकलेल्या विल्यम हार्टनेलना निरोप देण्याची वेळ आली, तेव्हा एक शक्कल निघाली. डॉक्टर मरत नाही, नवा चेहरा घेऊन पुन्हा उभा राहतो. या शक्कलीने मालिका जगवली आणि चाहत्यांना एक न मिटणारा वादही दिला. दर काही वर्षांनी नायक बदलणार, निर्माते आणि लेखकही बदलणार, आणि प्रत्येक बदलानंतर कोणी ना कोणी म्हणणार की मालिका आता उतरणीला लागली.

आपल्याकडे मालिकेबद्दलची नेहमीची तक्रार असते ती ‘ताणली’ ही. ‘डॉक्टर हू’ला ती लागू पडत नाही, कारण तिथे दर काही भागांनी गोष्ट संपते आणि नवा ग्रह, नवं संकट सुरू होतं. तिथला चाहता वेगळ्याच गोष्टीने दुखावतो. ‘ही आमची मालिकाच राहिली नाही’ असं त्याला वाटतं. ही तक्रार कधी खरी असते आणि कधी नुसती आठवणींची असते, ते आज पाहू.

सुरुवात १९७६ पासून करू. टॉम बेकर डॉक्टर, फिलिप हिंचक्लिफ निर्माता आणि रॉबर्ट होम्स पटकथा-संपादक, हा काळ आज बहुतेक चाहते सुवर्णकाळ मानतात. त्या वर्षी ‘द डेडली असॅसिन’ ही चार भागांची गोष्ट लागली. डॉक्टर ज्या जमातीचा, ते टाइम लॉर्ड तोपर्यंत जवळजवळ देवासारखे दाखवले गेले होते. होम्सने त्यांना म्हातारे, कुरबुऱ्या करणारे, सत्तेसाठी कट रचणारे दरबारी करून टाकलं. चाहत्यांची संघटना नुकतीच उभी राहिली होती. तिच्या पत्रिकेत या गोष्टीचं अत्यंत संतप्त परीक्षण छापून आलं. मालिकेची सगळी जादूच नष्ट केली, असा त्याचा सूर होता. तिकडे टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी निराळ्याच कारणाने आवाज उठवला. तिसऱ्या भागाच्या शेवटी डॉक्टरचं डोकं पाण्याखाली दाबून धरलेलं आणि चित्र तिथेच गोठलेलं. हे लहान मुलांनी पाहायचं का, असा त्यांचा सवाल होता. बीबीसीने माफी मागितली.

पण पुढे काय झालं पाहा. टाइम लॉर्डला तेरा आयुष्यं असतात हा नियम याच गोष्टीतला. त्यानंतर टाइम लॉर्डांच्या गॅलिफ्रे ग्रहावरची प्रत्येक कथा होम्सने रंगवलेल्या दरबारावरच उभी राहिली. तेरा आयुष्यांच्या त्या नियमातून वाट काढायला २०१३ मध्ये मालिकेला एक अख्खा विशेष भाग खर्ची घालावा लागला. ज्या गोष्टीने मालिका बुडाली म्हणून ओरड झाली, तीच आता मालिकेचा पाया मानली जाते. त्या परीक्षणाची मी टिंगल करत नाही. जमात देवासारखी असण्यात एक गूढ होतं, ते गेलं, हे खरंच आहे. पण गूढ जाणं आणि लिखाण घसरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि वादात त्या एकमेकींत मिसळून जातात.

आकड्यांचा आधार घेणाऱ्यांनाही जपून राहावं लागतं. ‘सिटी ऑफ डेथ’चा शेवटचा भाग ऑक्टोबर १९७९ मध्ये सुमारे १ कोटी ६१ लाख लोकांनी पाहिला. मालिकेच्या इतिहासातला हा उच्चांक. गोष्ट झकासच आहे, डग्लस अ‍ॅडम्सचा हात तिला लागलेला आहे. पण त्या आठवड्यांत प्रतिस्पर्धी आयटीव्ही वाहिनी संपामुळे बंद होती, हेही सांगायला हवं. उलट १९८७ पासून मालिका थेट आयटीव्हीच्या लोकप्रिय ‘कोरोनेशन स्ट्रीट’समोर लावली गेली आणि प्रेक्षक पन्नास लाखांच्या आसपास किंवा त्याहून खाली राहिले. याच पडत्या काळात अँड्र्यू कार्टमेल हा तरुण पटकथा-संपादक नवे लेखक आणत होता. ‘रिमेंबरन्स ऑफ द डालेक्स’ आणि ‘द कर्स ऑफ फेनरिक’ या तेव्हाच्या गोष्टी आज पहिल्या पंक्तीत बसवल्या जातात. ६ डिसेंबर १९८९ ला मालिका बंद पडली तेव्हा ती सुधारत होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे घसरण झालीच नाही का? झाली. ती थोड्या वर्षांची होती, पण खरी होती. तिचा मुक्काम १९८४ ते १९८७.

मार्च १९८४ मधले दोन आठवडे बघा. १६ मार्चला ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ संपली. लेखक रॉबर्ट होम्स, दिग्दर्शक ग्रॅम हार्पर. एका औषधी द्रव्याच्या व्यापारावरून चाललेलं युद्ध, त्यात चुकून सापडलेले डॉक्टर आणि त्याची सहप्रवासी पेरी, दोघांनाही विषबाधा. चार भाग डॉक्टरला ना क्रांती करायची असते ना ग्रह वाचवायचा असतो. आपल्यामुळे संकटात पडलेल्या त्या एका मुलीला वाचवायचं, एवढंच. उतारा एकीपुरताच उरतो, डॉक्टर तो पेरीला देतो आणि पीटर डेव्हिसनचा डॉक्टर संपतो. २२ मार्चला ‘द ट्विन डायलेमा’ सुरू झाली. नवा डॉक्टर कॉलिन बेकर, अंगात डोळ्यांना टोचणारा रंगीबेरंगी कोट, आणि पहिल्याच भागात भ्रमाच्या भरात तो त्याच पेरीचा गळा आवळतो. ‘डॉक्टर हू मॅगझिन’ने २००९ मध्ये तोवरच्या २०० गोष्टींचा वाचकांकडून कौल घेतला. ‘अँड्रोझानी’ पहिली आली, ‘ट्विन डायलेमा’ दोनशेवी.

निर्माता तोच, जॉन नेथन-टर्नर. पटकथा-संपादक तोच, एरिक सॉवर्ड. वर्षही तेच. सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट यांच्यात सहा दिवसांचं अंतर. फरक होता तो हातात आलेल्या संहितेत, आणि ती चित्रित करणाऱ्या माणसात. नवा डॉक्टर आधी खटकावा आणि हळूहळू उलगडत जावा, अशी कल्पना होती. कल्पना म्हणून ती वाईट नव्हती. पण हंगाम तिथेच संपला, आणि गळा आवळणारा डॉक्टर मनात घेऊन प्रेक्षकांना पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागलं.

फेब्रुवारी १९८५ मध्ये बीबीसी वनचे प्रमुख मायकेल ग्रेड यांनी मालिका दीड वर्षासाठी थांबवली. सप्टेंबर १९८६ मध्ये ती परतली, पण कापून. आधीच्या वर्षी पाऊण पाऊण तासाचे १३ भाग होते, आता २५ मिनिटांचे १४. या चौदा भागांत मिळून एकच मोठी गोष्ट सांगायची ठरली, ‘द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड’. पडद्यावर डॉक्टरवर खटला चाललेला, आणि इकडे मालिकाही तशीच आरोपीच्या पिंजऱ्यात.

आता पडद्यामागे काय घडलं ते नीट पाहू, कारण सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. शेवटचे दोन भाग होम्स लिहिणार होता. तेरावा लिहून झाला, चौदावा हाती घेतला, आणि मे १९८६ मध्ये तो वारला. सॉवर्डने मित्राच्या मनातला शेवट धरून चौदावा भाग पुरा केला. त्यात डॉक्टर आणि त्याचा शत्रू झुंजत असतानाच पडदा पडणार होता, निकाल न लागता. नेथन-टर्नरला धास्ती वाटली. असा टांगता शेवट ठेवला तर मालिका कायमची बंद करायला वरिष्ठांना आयतं निमित्त मिळेल. दोघांत जोरदार बिनसलं. सॉवर्डने आपली संहिता वापरायची परवानगीच काढून घेतली. मग पिप आणि जेन बेकर या लेखक दाम्पत्याला बोलावण्यात आलं. तेरावा भाग हाती, नट ठरलेले, चित्रीकरणाची ठिकाणं ठरलेली, आणि सॉवर्डच्या भागात काय होतं ते सांगायला कायद्याने मनाई! चौदा भागांच्या रहस्याचा उलगडा त्यांनी काही दिवसांत, रहस्य रचणाऱ्यांच्या मनात काय होतं ते न कळता लिहिला.

हा भाग ६ डिसेंबर १९८६ ला लागला. त्यानंतर बीबीसीच्याच ‘ओपन एअर’ या कार्यक्रमात लिव्हरपूलच्या चाहत्यांचा एक गट आणि बेकर दाम्पत्य समोरासमोर आले. चाहत्यांमध्ये सोळा वर्षांचा एक मुलगा होता. लिखाण याहून चांगलं व्हायला हवं होतं, गोष्ट विनाकारण गुंतागुंतीची झाली, हे त्याने तोंडावर सांगितलं. त्याचं नाव ख्रिस चिबनॉल. हाच मुलगा पुढे ‘ब्रॉडचर्च’ लिहून नावारूपाला आला आणि २०१८ मध्ये ‘डॉक्टर हू’चा मुख्य लेखक-निर्माता झाला.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. चौदावा भाग खरोखरच कोलमडलेला आहे. मात्र समोर बसलेली दोन माणसं त्या दिवशी ज्याचा जाब देत होती, तो त्यांचा गुन्हा नव्हता. चाहत्यांच्या बहुतेक वादांत मला हेच दिसतं. काहीतरी बिघडलंय हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं, तिथे त्यांचा कान पक्का असतो. बिघाड कुठे झाला हे सांगताना मात्र बोट दिसणाऱ्या माणसाकडे जातं. १९८६ मध्ये ते कॉलिन बेकरकडे गेलं, आणि वरिष्ठांनी त्यालाच काढलं. तो निरोपाचं दृश्य द्यायला आला नाही. मग पुढचा डॉक्टर सिल्व्हेस्टर मॅकॉय यालाच त्याच्यासारखा टोप घालून जमिनीवर झोपवण्यात आलं.

दोष नटाचा नव्हता, याचा पुरावा पुढे मिळाला. १९९९ पासून बिग फिनिश या कंपनीने ‘डॉक्टर हू’ची ध्वनिनाट्यं काढायला सुरुवात केली. तोच कॉलिन बेकर, तोच डॉक्टर, पण हातात नीट बांधलेल्या संहिता. ज्या चाहत्यांनी त्याला नाकारलं होतं, त्यांच्यातल्याच अनेकांनी हा डॉक्टर डोक्यावर घेतला.

चिबनॉलवरही पाळी आलीच. डॉक्टर म्हणून जोडी व्हिटाकरचा पहिला भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये जवळजवळ १ कोटी १० लाख लोकांनी पाहिला. मार्च २०२० मधल्या ‘द टाइमलेस चिल्ड्रेन’पर्यंत ही संख्या ४७ लाखांच्या आसपास आली. हार्टनेलच्या आधीही डॉक्टरची विसरलेली आयुष्यं होती, असं या भागाने सांगितलं आणि चाहते खवळले. मूळच बदललं, हा त्यांचा आक्षेप. पण १९७६ च्या ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’मध्ये, म्हणजे ऐन सुवर्णकाळात, डॉक्टरचे जुने चेहरे म्हणून आठ अनोळखी चेहरे पडद्यावर झळकले होते. ते होते मालिकेत काम करणाऱ्या लोकांचे, त्यांत हिंचक्लिफ आणि होम्सही होते. त्यामुळे हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. दुसरा आक्षेप मात्र टिकतो. इतकी मोठी गोष्ट त्या भागात घडत नाही, एक पात्र दुसऱ्याला ती उभ्याउभ्या सांगतं. ही संहितेतली उणीव आहे, आणि बोट तिथेच ठेवायला हवं.

वाचकांना एक विनंती. माझ्या शब्दावर विसंबू नका. ‘अँड्रोझानी’चा चौथा भाग आणि ‘ट्विन डायलेमा’चा पहिला भाग एका संध्याकाळी पाठोपाठ पाहा, आणि संवाद कोण कुणाशी कशासाठी बोलतंय एवढ्यावरच लक्ष ठेवा. पुढच्या आठवड्यात ‘डॉक्टर हू’च्या पुसून टाकलेल्या भागांविषयी. त्यांचे आवाज चाहत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर कसे वाचवले, ते पाहू.