सौम्य, तरीही घातक

फ्लोरीन हे सर्वांत जास्त विद्युतऋणता असलेले मूलद्रव्य. हायड्रोजन फ्लोराइडच्या बंधातील इलेक्ट्रॉन त्याच्याकडे चांगलेच ओढले गेलेले असतात. म्हणजे पाण्यात या रेणूचे विचरण सर्वांत सहज व्हावे, असा तर्क अकरावी-बारावीचे विद्यार्थी करतात. प्रत्यक्षात उलटे घडते. ०.१ मोलर द्रावणात हायड्रोजन क्लोराइड, ब्रोमाइड व आयोडाइड यांचे जवळजवळ सगळे रेणू आयनांत विभागले जातात. हायड्रोजन फ्लोराइडचे मात्र शंभरांपैकी सुमारे आठच. असे का?

पहिले कारण बंधाचे बळ. बंध तोडण्यास प्रतिमोल लागणारी ऊर्जा पाहू : फ्लोराइड सुमारे ५६८ किलोज्यूल, क्लोराइड ४३२, ब्रोमाइड ३६६, आयोडाइड २९८. हॅलोजनचा अणू जितका लहान, तितका हा बंध आखूड व घट्ट. बंध ध्रुवीय असणे आणि तो सहज तुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे कारण हायड्रोजन बंध. अंशतः धनप्रभारित हायड्रोजन शेजारच्या रेणूतील फ्लोरीनकडे किंवा ऑक्सिजनकडे ओढला जातो. म्हणूनच हायड्रोजन फ्लोराइडचा उत्कलनबिंदू १९.५ अंश सेल्सिअस आहे, तर हायड्रोजन क्लोराइडचा उणे ८५. पाण्यातही त्याचा अखंड रेणू हायड्रोजन बंधांमुळे स्थिरावतो. शिवाय लहानशा फ्लोराइड आयनाभोवती पाण्याचे रेणू दाटीने बसतात. त्यातून पुष्कळ ऊर्जा बाहेर पडते, हे विचरणाला अनुकूलच. पण ते रेणू जखडले जाऊन एन्ट्रॉपी घटते, हे प्रतिकूल. सगळा जमाखर्च मांडला की पारडे अखंड रेणूकडे झुकते.

येथे एक गोष्ट वर्गात आवर्जून सांगायला हवी. ‘सौम्य’ हे विचरणाचे माप आहे, निरुपद्रवीपणाचे नव्हे. हे आम्ल काच खाते. म्हणून ते प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात. त्याचे प्रभाररहित, अखंड रेणू त्वचेतून सहज आत शिरतात. शरीरात फ्लोराइड कॅल्शियमला बांधून टाकते आणि त्यामुळे हृदयही बंद पडू शकते. द्रावण विरल असेल तर सुरुवातीला वेदनाही जाणवत नाहीत. म्हणजे ज्या अखंडतेमुळे हे आम्ल सौम्य ठरते, तीच त्याला घातक बनवते.

तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेत ते आणूच नये. तीव्र व सौम्य आम्लांतील फरक दाखवण्यासाठी सारख्याच संहतीचे विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि व्हिनेगर घेऊन त्यांत मॅग्नेशियमच्या फितीचे तुकडे टाकावेत. बुडबुड्यांचा वेगच उत्तर देईल.